क्लबातला पहिला घोट

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा अंगावर सांडेल. मी केलं ते अजून आमच्या घरात कोणी धड सांगू शकत नाही, मध्येच हसू फुटतं. म्हणून मीच सांगते.

माझी भाची रोशनी चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. आणि तो कुठं? तर नाईट क्लबात. ही बातमी आमच्या गावी, धानोऱ्याला पोचली तेव्हा माझ्या बहिणीनं जेवण सोडलं. त्याच आठवड्यात आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. क्लबात अनोळखी माणूस पोरीच्या पेल्यात गुपचूप काहीतरी टाकतो, वास नाही, चव नाही, आणि मग पोरीला शुद्धच राहत नाही. तो मीही तीनदा पाहिला होता.

"मी जाते तिच्यासंगं," मी बहिणीला म्हटलं.

"तुले काय समजते तिथलं?"

"पेला तं समजते ना."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आमच्या भागात पाहुण्याला मोहाची दारू द्यायची झाली, तर देणारा आधी स्वतः एक घोट घेतो. म्हणजे आत काही वाईट मिसळलेलं नाही, अशी पाहुण्याची खात्री पटते. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे हे मला ठाऊक आहे, उगाच टोकू नका. मी जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता, पण पद्धत लहानपणापासून पाहिलेली. तेव्हा बसमध्ये बसल्या बसल्या ठरवलं, की रोशनीच्या टेबलावरच्या प्रत्येक पेल्यातला पहिला घोट माझा. काही व्हायचं असेल तर मला होईल, पोर वाचेल.

क्लबात अंधार, लाल-निळे दिवे, आणि डीजे असा की छातीतून आरपार जात होता. रोशनीनं माझ्यापुढं पाण्याची बाटली ठेवली. पोरींसाठी पेले आले. एक निळा, एक नारंगी, एकात पुदिन्याची पानं. मोहाचा वास मी चार घरं ओलांडून ओळखते, इथं तसला वास कुठंच नव्हता. म्हणजे सरबतच झालं, नाही का?

"मावशी, आमी नाचाले जातो. पेल्यांकडं पाह्यजो," रोशनी म्हणाली.

"तू बिनधास्त जाय."

पोरी गेल्या आणि मी कामाला लागले. प्रत्येक पेल्यातला एकेक घोट घेतला, पदरानं काठ पुसला, पेला जागेवर ठेवला. पण त्या अंधारात माणसं सारखी टेबलाला घासून जात होती. कोणी जवळून गेलं, की यानं तर काही टाकलं नाही ना, अशी शंका यायची. मग पुन्हा सगळ्यांतला एकेक घोट. निळं जरा कडू होतं. नारंगी फार चांगलं होतं, त्याची शंका मला जास्त वेळा आली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या काळ्या शर्टवाल्यानं एक पेला उचलला. मी उठून त्याचं मनगटच धरलं.

"का जी भाऊ, काय करून राह्यले?"

"बाई, माहा पेला होय."

"तुमचा होय तं पयले तुमी प्या."

तो बिचारा प्यायला. तरी माझी खात्री पटेना, म्हणून त्यातला एक घोट मीही घेतला. तो माझ्याकडं बघतच राहिला आणि उठून काउंटरकडं गेला. मी म्हटलं, पळाला म्हणजे यानं काहीतरी केलंच आहे.

थोड्या वेळानं टेबल हलायला लागलं. जीभ जड झाली. नाचणाऱ्या रोशनी मला दोन दिसायला लागल्या, आणि आता दोघींना कसं सांभाळायचं या विचारानं रडूच फुटलं. मग एकदम डोक्यात लख्ख झालं. व्हिडिओत हेच तर सांगितलं होतं.

"टाकलं वं, रोशनी! मले कोणीतरी काहीतरी टाकलं!"

डीजे बंद झाला. सगळा क्लब माझ्याकडं बघायला लागला. रोशनी धावत आली, माझी नाडी धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा आठवला की अजून मला कसंतरी होतं.

"मावशी, तू काय पिली?"

"पाणी. दुसरं काहीच नाई पिली मी." चाखणं म्हणजे पिणं थोडंच असतं?

क्लबाची मॅनेजर एक तरणी पोरगी होती. तिनं दार अडवायला लावलं, टेबलावरचे पेले बाजूला ठेवले, मला दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. "सांगितलं ते लई चांगलं केलं, मावशी," ती म्हणाली. "चाखून काई समजत नाई. पेला नजरेआड झाला तं पिऊच नये, सरळ दुसरा मागाचा. लोक ऐकत नाई." लोकांच्या या निष्काळजीपणावर मीही जोरजोरात मान हलवली.

"कॅमेरा दाखवा मले," मी म्हटलं. "चेहरा मी बरोबर ओळखते."

गाडी येईपर्यंत आम्ही आतल्या खोलीत गेलो. काळ्या शर्टवालाही आला. त्याला घाम फुटला होता, आणि माझा संशय आणखी पक्का झाला.

पडद्यावर वरून काढलेलं चित्र सुरू झालं. एक बाई इकडंतिकडं बघते, पेला उचलते, तोंडाला लावते, पदरानं पुसून ठेवते. मग दुसरा, मग तिसरा. पुन्हा पहिला. मग चक्क शेजारच्या टेबलाकडं जाते आणि एका माणसाचं मनगट धरते. मी हादरले. इतकी निर्ढावलेली बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"हेच ते," मी पडद्यावर बोट आपटलं. "पकडा इले. पोलिसात द्या. घरच्यांनी इले मोकळं सोडलंच काऊन?"

रोशनीनं कपाळाला हात लावला.

"मावशी, ते तूच होय."

मी मानायला तयार नव्हते. काळ्या शर्टवाल्याकडं वळून म्हटलं, "भाऊ, तुमी तिथंच होते. तुमी सांगा."

त्यानं हात जोडले. "बाई, मी मघा काउंटरवर तक्रार द्याले गेलो होतो, ते तुमचीच होय."

त्या संध्याकाळी त्या क्लबात लोकांच्या पेल्यांना हात लावणारं अनोळखी माणूस एकच होतं, आणि ते धानोऱ्याहून बसनं आलं होतं.