अडकलेल्या टपालाची खुर्ची

माझ्या बाबांना कंपनीनं नुकसानभरपाई दिली नाही, खुर्ची दिली. हे वाक्य मी एकदा पत्रकात लिहिलं होतं आणि बाबांनीच ते काढायला लावलं. आता इथे लिहिते. इथे कंपनीचं नाव नाही, बाबांचंही नाही.

आम्ही बोईसरजवळ सालवडला राहतो. बाबा मूळचे तारापूरकडच्या एका खेड्यातले. घरची थोडी भातशेती होती, तिच्यात सगळ्या भावांचं भागत नव्हतं, म्हणून तरुणपणीच ते एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. मी शाळेत असताना प्लांटमध्ये वायू गळला. बाबा वाचले, पण फुप्फुसं कामातून गेली. प्लांटचे लोखंडी जिने त्यांना पुन्हा कधी चढता येणार नव्हते. तेव्हाच्या युनियनच्या पुढाऱ्यानं मध्ये पडून मिटवलं: तक्रार करायची नाही, कोर्टात जायचं नाही, कंपनी बसल्या जागेची 'लाइट ड्युटी' देईल. जोवर काम आहे तोवर खुर्ची आहे, असं मोठ्या साहेबांनी सांगितलं. तोंडी. कागद कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही. आईनं त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. मला तेव्हा काही कळत नव्हतं, नाहीतर मी ठेवू दिली नसती.

खुर्ची ऑफिसच्या तळमजल्यावर, कंप्युटरच्या खोलीत होती. टेबलाखाली एक जुना सर्व्हर घरघरत असायचा आणि त्याच्यावर ईमेल तपासणारं सॉफ्टवेअर चालायचं. बाहेरून आलेली प्रत्येक ईमेल आधी त्याच्या हाताखालून जायची. संशय आला की ते ती अडकवून ठेवायचं. अडकलेल्यांतली खरी कुठली आणि लबाडीची कुठली, हे माणसानं बघायचं आणि खरी असेल ती सोडायची. तो माणूस म्हणजे आमचे बाबा.

इंग्रजी त्यांना जेमतेम. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली, ते फोन करायचे. ज्याच्या नावावर ईमेल अडकली असेल त्याला, कारखान्याच्या आतल्या लाइनवर.

"तुमचं टपाल अडाकलंय. पंपवाल्याचं दिसतंय. सोडू का?"

असा फोन करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कंप्युटरच्या साहेबाला तो वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. पण बाबांची खरी नोकरी ती होती. ज्या प्लांटचा जिना चढता येत नव्हता, त्या प्लांटमधली माणसं त्या फोनवर भेटायची. स्टोअरवाला ताडगोळे कधी आणताय म्हणून पिच्छा पुरवायचा. लॅबमधल्या बाई मुलाच्या दहावीचं रडगाणं गायच्या. बॉयलरवरचा भैया काही न विचारता "छोड़ दो चाचा, अपना ही होगा" म्हणायचा, आणि बाबा त्याला खडसावायचे, आधी कुणाचं हाय ते तर ऐक. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की जेवताना ही सगळी खबर आम्हाला मिळायची. मध्ये खोकला, मग पुन्हा खबर.

मी पालघरच्या कॉलेजातून शिकून बोईसरला एका कंप्युटर सर्व्हिसच्या दुकानात लागले. उरलेल्या वेळात आमच्या कामगार गटाची पत्रकं. लिहायची मी, शिफ्ट सुटताना गेटबाहेर उभं राहून वाटायचीही मी. ईमेलनंसुद्धा सगळ्या कारखान्यांच्या पत्त्यांवर पाठवायचो. एकदा जेवताना बाबा म्हणाले, "तुझं पत्रक आलतं आज. अडाकलं."

मी घास खाली ठेवला. सोडलंत का, विचारलं.

"तिघांना सोडलं. बाकीच्यांना नाय झेपलं असतं. बाय, दुसरं पान कुणासाठी लिवतेस तू?"

आईला हसू आवरेना. मी चिडले, पण तेव्हापासून आमचं पत्रक एका पानाचं झालं.

मग कारखान्यात एक घात झाला. खोट्या बिलाची एक ईमेल त्या जुन्या सॉफ्टवेअरमधून पार झाली म्हणे, अकाउंट्समधल्या कुणीतरी ती उघडली आणि त्यांच्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याची देखभाल केव्हाच सोडून दिली होती, नव्या लबाड्या त्याला कळतच नव्हत्या. तेव्हा कारखान्यानं ठरवलं, जुनं काढायचं, व्हर्च्युअल अप्लायन्स बसवायचं. म्हणजे ईमेल तपासणारं तयार यंत्रच, पण त्याला स्वतःचा डबा नाही, वायर नाही. मोठ्या सर्व्हरच्या आत ते एका फायलीतून उभं करायचं, नेटवर्कचे पत्ते द्यायचे, आणि बाहेरची ईमेल जुन्याऐवजी त्याच्याकडे वळवायची. काम आमच्या दुकानाला मिळालं. असली कामं मीच करत होते, म्हणून मालकानं मला पाठवलं. मी तिथल्याच ऑपरेटरची पोरगी आहे हे त्याला माहीत होतं. त्याला काय त्याचं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, मग नीट कर. तुमच्या खुर्चीचं काय, असं मी विचारलं. ते भात कालवत राहिले.

आता सरळ सांगते, त्या जुन्या सॉफ्टवेअरवर माझं काही प्रेम नव्हतं. ते गळकं होतं आणि काढायलाच हवं होतं. माझा राग वेगळा होता. एका माणसाची फुप्फुसं खाल्लीत, त्याच्या बदल्यात त्याला एका सॉफ्टवेअरशी बांधलंत, आणि आता सॉफ्टवेअर म्हातारं झालं म्हणून माणूसही त्याच्याबरोबर भंगारात? तेव्हा मी ठरवून गेले होते. नव्या यंत्रात दोन रीती असतात. एकीत अडकलेल्या ईमेलची खबर रोज सकाळी ज्याची त्याला आपोआप जाते. खाली बटण असतं, सोडायची असेल तर त्यानंच दाबायचं. दुसरीत सगळं अडकलेलं एकाच माणसाकडे जमा होतं आणि तो बघून सोडतो. मी दुसरी रीत लावणार होते. त्या एका माणसासाठी खुर्ची लागते.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेले. ऑफिस रिकामं होतं. साहेब, मी आणि बाबा. नवं यंत्र उभं राहायला वेळ लागला नाही. वेळ गेला तो विश्वासातल्या पत्त्यांना. हे पत्ते बाबांनी जुन्यात एकेक करून घातलेले होते, यांना अडवू नको म्हणून, आणि ते काही केल्या नव्यात उतरून येईनात. मग बाबा वाचून दाखवू लागले आणि मी टाइप करू लागले. घरी मी त्यांना कधी सलग वाचताना ऐकलं नव्हतं. एक पत्ता झाला की ते थांबायचे. पुढचा अर्धा वाचून थांबायचे. मला वाटलं, मुद्दाम सावकाश वाचतात, काम लवकर संपू नये म्हणून. मीही सावकाश टाइप करत होते.

पत्ते संपले तेव्हा मी साहेबाला माझं म्हणणं सांगितलं. अकाउंट्सचं ताजं होतंच, तेच पुढे केलं. प्रत्येकाच्या हातात बटण दिलंत तर लोक वाटेल ते सोडतील, एका जाणत्या माणसानं बघितलेलं बरं. साहेबाला पटत आलं होतं. तो म्हणाला, ठीक आहे, राहू दे तसं. आणि मग, उगाच मान द्यायचा म्हणून, बाबांकडे वळून विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? सगळं तुमच्याकडेच ठेवू ना?"

बाबा जुन्या सर्व्हरकडे बघत होते. म्हणाले, "ज्याचं त्याला द्या साहेब."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. बापाला, तेही साहेबासमोर, असं बोलले.

"त्या दिवशी मी फोन नाय केला," बाबा साहेबालाच सांगत होते. "अकाउंटचं टपाल, अडाकलेलं. बघितलं, खरं वाटलं, सोडलं. बोलायला दम नवता." मग थांबले, श्वास घेतला. "लय दिवस फोन करत नाय मी."

साहेब चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यानं फक्त खुर्ची मागे सरकवली आणि चहा सांगतो म्हणून बाहेर गेला. सुट्टीच्या दिवशी कँटीन बंद असतं.

मला तेव्हा लॅबमधल्या बाईंचा मुलगा आठवला. त्याची दहावी आमच्याकडे जेवताना दोन वर्षं चालली होती. आई एकदा म्हणालीही होती, नापास होतो वाटतं बिचारा. तो कधीच पास होऊन पुढे गेला असणार. बाबा आम्हाला जुनी खबर वाढत होते, कारण नवी त्यांच्याकडे नव्हती. आणि मी, जी अख्ख्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या तब्येतीवर पत्रकं काढते, समोर बसून जेवत होते.

मी पहिली रीत लावली. बाहेरची ईमेल नव्याकडे वळवली, माझ्या मोबाइलवरून एक चाचणीची पाठवली, ती पोचली. जुना सर्व्हर बंद करायचा होता. बाबा म्हणाले, थांब, आणि वाकून त्यांनी स्वतः बंद केला. वाकल्यावर सरळ व्हायला त्यांना माझा हात लागला.

घरी जाताना रिक्षात मी भांडले. कबूल कशाला केलंत, कुणी विचारलं होतं का, फुप्फुसं त्यांनी घालवली आणि माफी तुम्ही मागायची? रिक्षावाला आरशातून बघत होता. बाबांनी उत्तर दिलं ते सालवड आल्यावर, उतरताना. "उद्या दुसऱ्या कुणाच्या फायली गेल्या असत्या, बाय."

पुढचं कंपन्या जसं करतात तसं झालं. खुर्चीला काम उरलं नाही, तेव्हा खुर्ची उरली नाही. 'स्वेच्छानिवृत्ती' या शब्दावर मी पानभर लिहिलं. यात इच्छा कुणाची, असा मथळा होता. कसली स्वेच्छा. बाबांनी ते पान वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. "माझ्यावर नको. तिथं पोरं कामाला हायत अजून, त्यांच्यावर लिव." छापलं नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, कंपनीवर जास्त की बाबांवर, ते सांगता येत नाही.

सुरुवातीला बाबांचा मोबाइल सकाळी वाजायचा. नव्या यंत्राची खबर आणि खालचं बटण बघून कारखान्यातली माणसं गोंधळायची आणि सरळ बाबांनाच विचारायची. काका, हे असं असं आलंय, दाबू का? बाबा ओट्यावर खुर्ची टाकून तयार बसलेले असायचे, दाढी करून, शर्ट घालून. ऐकून घ्यायचे आणि एका शब्दात सांगायचे, दाब, किंवा नको. एक शब्द त्यांना पुरायचा. आई तेवढ्यात चहा आणून ठेवायची. मग लोकांना बटणाची सवय झाली. फोन कमी झाले. बाबा तयार होऊन बसतच राहिले.

परवा पुन्हा वाजला. बॉयलरवरचा भैया होता. ईमेल यंत्रानं अडवलेली नव्हतीच, कसलं तरी बक्षीस लागल्याची होती, आणि मला वाटतं, ती खोटी आहे हे त्यालाही कळत होतं. तो मजेत, खुलवून सांगत होता. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तोंड उघडलं आणि शब्द निघेना. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि मान हलवली, नको.

"बाबा नको म्हणतायत," मी म्हटलं.

तो हसला. मग विचारलं, "चाचा ठीक हैं ना?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी पत्रकात आजवर एक ओळ खोटी लिहिलेली नाही.

"हाँ," मी म्हटलं, "एकदम ठीक हैं."