जाड पाकळी

जगात करण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत, आकृती फिरवणं आणि आकृती वाढवणं, बाकी सगळी नुसती धावपळ, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इस्लामपुरात त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली. शाळेनं त्यांना निवृत्त केलं, पण भूमितीनं काही सोडलं नाही. साताऱ्याहून आम्ही गेलो की चहाच्या आधी प्रश्न येतो. जेवायला बसले की ताट पाव फेरा फिरवून बघतात. भाकरी कुठूनही तशीच दिसली तर शाबासकी देतात. नाही दिसली तरी खातात, पण बोलून दाखवून. एकदा मी बसस्टँडची वाट विचारली, तर त्यांनी माझे खांदे धरून मला अंगणातच नव्वद अंशांतून फिरवलं आणि "आता नाकासमोर जावा" म्हणून सोडून दिलं. वाट बरोबर होती, हेही सांगायला हवं.

वाढवण्याच्या बाबतीत तर त्यांच्याइतका कडक माणूस नाही. चौकात त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. विद्यार्थी आता उगवता पुढारी. मामा फ्लेक्ससमोर थांबले, मान तिरकी करून पाहिलं आणि तिथूनच त्याला फोन लावला. "आरं, तुला वाढवलं न्हाई, फुगवलंय! उभ्यात दुप्पट अन् आडव्यात तिप्पट. मोठं करायचं तर सगळीकडनं सारखं करावं लागतंय, न्हाईतर माणूस बदलतोय." पुढारी म्हणाला, "असू द्या सर, दंड लय भारी दिसत्यात." मामा त्या दिवशी जेवलेच नाहीत असं सांगतात. मी म्हणेन, एखादी भाकरी कमी खाल्ली असेल.

मामी रोज सकाळी सोप्यात, उंबऱ्यासमोर, रांगोळीचं वीतभर कमळ काढायच्या. ठिपका ठेवायचा आणि हात सोडायचा, बस्स. त्यातली उजवीकडची पाकळी हमखास जाड व्हायची. मामा चहाचा कप घेऊन बाजूला उभे. "मधला ठिपका हलला की समदं गेलं," अशी सुरुवात व्हायची. मग, "एकच पाकळी नीट काढ, तीच फिरवली की बाकीच्या फुकट मिळत्यात." मामी मान वर न करता म्हणायच्या, "तुमी चा प्या." त्यांचा सगळा संसार या एका संवादावर चालला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग गेल्या वर्षी अर्धांगवायूनं मामींचा उजवा हात गेला. पाय सावरला, हात काही सावरला नाही. डॉक्टरांनी डाव्या हाताला सवय लावा म्हणून सांगितलं, पण मामींनी मनच काढून घेतलं होतं. हात पदराखाली झाकून आतल्या खोलीत बसायच्या. कोणी आलं तरी बाहेर यायच्या नाहीत. मामांचं ताट फिरवणंसुद्धा बंद झालं. सोप्यात मात्र एक घमेलं कायम पालथं घातलेलं असायचं आणि त्याला कोणी हात लावला की मामा खेकसायचे. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी नवा प्रयोग असेल.

यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला मैदानभर रांगोळी हवी म्हणून मुख्याध्यापिकाबाई मामांकडे आल्या. त्या गेल्यावर मामांनी घमेलं उचललं. खाली मामींचं शेवटचं कमळ होतं, कडेनं जरा विस्कटलेलं, पण जाड पाकळीसकट शाबूत. मामा पट्टी आणि फळ्यावरचा लाकडी कोनमापक घेऊन त्याच्यासमोर पालथे पडले. मधल्या ठिपक्यापासून प्रत्येक वळण किती लांब, कुठल्या कोनात, ते मोजायचं. मग मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोकून त्याच कोनात सेंटिमीटरचा मीटर करायचा. दोरी धरायला जावई होताच. दुपारपर्यंत उन्हानं माझं डोकं तापलं. म्हणालो, "मामा, हा तुमचाच धडा आहे. एक पाकळी काढा आणि फिरवा. तासाभरात काम होईल, आणि ती जाड पाकळीही टळेल."

मामा खुंटीपाशी उकिडवे बसले होते.

"फिरवली तर माजी हुईल, जावईबापू," ते म्हणाले. "वाढवली तर तिची ऱ्हातीया."

मी दोरी पुन्हा ताणली. या माणसाला इतकी वर्षं आपण हसत आलो, याची मला तेव्हा लाज वाटली आणि त्याहून जास्त त्याचा हेवा वाटला.

संध्याकाळी, संमेलन सुरू व्हायच्या आधी, मामांनी घरी जाऊन मामींना सगळं सांगितलं. "म्हंजी आता समद्या गावाला माजी जाड पाकळी दावणार व्हय?" मामी कडाडल्या आणि त्या रागातच चपला घालून रिक्षात बसल्या. शाळेच्या गच्चीवरून त्यांनी खाली पाहिलं. मैदान भरून पांढरंशुभ्र कमळ पसरलं होतं.

"आवं, किती जाड केलीसा!"

"म्या न्हाई केली. तुजी हुती तेवढीच हाय."

मामी हसल्या. हसता हसता पदराखालचा हात बाहेर आला आणि तो पुन्हा झाकायचं त्या विसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा मामी सोप्यात डाव्या हातानं रांगोळी घालत होत्या. रेघा थरथरत होत्या. एक पाकळी दुसरीला ओळख देत नव्हती. मैदानातलं कमळ तोवर पोरांच्या पायांखाली पुसूनही गेलं असेल. मामा कप घेऊन बाजूला उभे होते. आता बोलणार, मी मनात म्हणालो. ते पाहतच राहिले.

"मधला ठिपका मातूर बरोब्बर पडलाय," शेवटी मामा म्हणाले.

मामींनी मान वर केली नाही. "तुमी चा प्या," त्या म्हणाल्या.