वरच्या खोलीतला दातांचा कारखाना

दुपारी जेवून आडवी झाले की मी नवऱ्याला घरी आणायचे. डोळे अर्धवट मिटले की तो महाडच्या बाजारातून सावकाश चालत येताना दिसायचा. चपला दारात काढायचा आणि विचारायचा, "काय केलंयस गो?" प्रत्यक्षात त्या वेळी तो मुंबईत एका दातांच्या लॅबमध्ये परक्यांच्या कवळ्या घासत बसलेला असायचा. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, दोन दिवस.

तळीये गावावर डोंगर कोसळला, त्याच पावसात आमच्या गल्लीतही पाणी शिरलं. घरी मी एकटीच होते. शेजारच्या काकूंच्या माळ्यावर बसून पलीकडे माझंच कपाट भिंतीला आपटताना ऐकत होते. फोन बंद. तिकडे नवऱ्याला मी जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. पाणी ओसरल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते घरावर एक खोली चढवण्याचं. खोली झाली, पण माझी भीती काही गेली नाही. पुन्हा पाणी आलं तर मी त्या खोलीतही एकटीच असणार होते.

मग मुंबईत लॅबचं भाडं वाढलं आणि नवऱ्याने शेठच्या मागे लकडा लावला. "शेठ, महाडला चला. साचे पार्सलनं येतील, कवळ्या पार्सलनं जातील. दाताला काय कळतंय, तो कुठं बनला? कामाची पोरं तर सगळी पोलादपूरकडचीच." शेठ हसले आणि म्हणाले, "जागा दाखव."

जागा म्हणजे आमचीच पुढची मोठी खोली. शेठ यायच्या दिवशी मी गल्लीला बजावून ठेवलं होतं, पुराचं नाव काढायचं नाही. पण आमच्याकडे पाहुण्याला चहाआधी पाण्याची खूण दाखवतात, त्याला मी काय करणार? काकू पोहे घेऊन आल्या, बशी ठेवली आणि भिंतीवर हात उंच करून म्हणाल्या, "शेठ, हितवर पानी आलं व्हतं!"

"आमच्याकडं पंख्याला लागलं होतं," दारातून शेजारी ओरडले. झालं! कोणाचं पाणी उंच, यावर दोघांची जुंपली.

शेठनी भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तू सांग. आणू का मशीन इथे?"

एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. मी जीव डोळ्यांत आणून त्याच्याकडे बघत होते. तो खाली बघत म्हणाला, "नाय शेठ. खाली नको. दात भाजायची भट्टी बुडली तर पोरांचं कामच बुडंल."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. खरं बोलण्याचा मुहूर्त याला आजच सापडला! शेठनी बॅग उचलली, तशी मी म्हणाले, "वर चला."

वरच्या खोलीत आमची खाट होती, कागदपत्रांची पेटी होती आणि सावित्री नदीकडे उघडणारी खिडकी. "ही घ्या," मी म्हणाले.

नवरा दचकला. "आनि पानी आलं तर आपण कुठं बसायचं?"

"मशीनच्या शेजारी. मला तुम्ही घरी हवे आहात. बाकीचं पाणी आल्यावर बघू."

शेठ अवघडून खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "स्लॅब वजन पेलेल ना?"

पेललं. आता दुपारी पडल्या पडल्या छतातून पॉलिशच्या मशीनची घरघर झिरपत येते आणि तिच्यातच मला झोप लागते. नवरा खरंच जेवायला खाली येतो, केसांत पांढरी भुकटी घेऊन. स्वप्नातला जास्त स्वच्छ असायचा.

यंदा एका दुपारी पुराचा भोंगा वाजला. पोरांना लगेच गावी धाडलं. देव, तांदूळ आणि स्टोव्ह घेऊन आम्ही दोघं वर चढलो. कपाटभर प्लास्टरचे जबडे आमच्याकडे बघून हसत होते. बाहेर सगळं करडं, पाणी कुठे आणि आभाळ कुठे ते कळेना. त्याने माझा हात धरला. त्या पुरातल्या दिवसाचं त्याला मी कधीच नीट सांगितलं नव्हतं. ते सांगायला लागले. कपाटाच्या आवाजापर्यंत आले असेन, इतक्यात खालून आरडाओरडा झाला. पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन मागे फिरलं होतं.

तो उठायला लागला. मी हात सोडला नाही. देवा, मला अजून थोडं पाणी हवं होतं.