खाजणकरांचा पहिला मान

पहाटेपासून मळभ होतं. फाल्गुनात मळभ आलं की आंबेवाले आभाळाकडे बघत बसतात, पण पिकलेलं काजूचं बोंड कुणासाठी थांबत नाही. किशोरी घाडी उजाडायच्या आत टोपली घेऊन बागेत शिरली आणि ओल्या पाचोळ्यातून बोंडं वेचू लागली. डाव्या हातात बोंड, उजव्या हाताने बीला एक पीळ. बी टोपलीत, बोंड गुरांसाठी बाजूला. आज हात जरा घाईत होता. दहा वाजता घरी खेळ बसायचा होता, आणि तिने त्यासाठी लिहिलेल्या माणसांचं काय करायचं ते आज ठरणार होतं.

तळेऱ्यापासून तीन मैल आत हे गाव. किशोरी बावन्न वर्षांची. लग्न केलं नाही, आणि कोणी का म्हणून विचारलं तर "सवड मिळाक नाय," एवढंच सांगते. घरात ती आणि तिचे वडील, अप्पा. अप्पा गावचे घाडी. देवळात गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनी. गावाचं मागणं खणखणीत आवाजात देवापुढे मांडायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. आता त्र्याऐंशीव्या वर्षी आवाज चिरकला, म्हणून ते ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढतात.

खेळ तिच्या बहिणीच्या मुलाचा, ओंकारचा. हा हायस्कुलात गणित शिकवतो. मेजाभोवती बसायचं, प्रत्येकाने एका कल्पित जगातलं एकेक माणूस व्हायचं, ओंकारने पुढे काय घडतं ते सांगायचं आणि अडलं तिथे फासा टाकायचा. त्या जगाचं पुस्तक तो लिहीत होता. गेल्या चतुर्थीला वही इथेच विसरला आणि किशोरीने ती नारळ किसता किसता वाचून काढली. घाटवळे लोक: उंच, शूर, रागीट. पालवे लोक: होड्यांवर राहणारे, कावेबाज. संपले लोक.

"अख्खो मुलूख रागीट?" वही न्यायला आला तेव्हा तिने विचारलं. "त्यांच्यात एक पण भित्रो नाय? आणि रागीट माणसाची बायल काय करता, ता खंय लिवलंस?"

"मावशे, खेळ आसा तो."

"खेळ आसा म्हणान माणसांनी जेवचा नाय? काय खातत ते?"

ओंकारने वही परत तिच्यापुढे सरकवली. मग तीच लिहायला बसली. घाटवळ्यांना तिने भित्रे मामा दिले, पालव्यांना खाऱ्या माशाची चटणी दिली. आणि तिसरे लोक तिने स्वतःचे आणले, खाजणकर. तिच्या आईचं माहेर विजयदुर्गच्या खाडीकाठचं. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या खाजणात भात पिकवायचं, हे तिने लहानपणी पाहिलेलं. खाजणकरांचा बांध फुटला की ते भांडण अर्ध्यावर टाकून मातीच्या टोपल्या उचलतात, आणि बांध झाला की भांडण सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. पाच-सहा महिने ती त्यांच्यासोबत राहिली म्हणा ना. पण ओंकारला तिसरा मुलूख जास्तीचा वाटत होता, म्हणून त्याने वहीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं.

दहाला मंडळी जमली. फोंडाघाटला औषधांचं दुकान चालवणारी नम्रता पालव्यांची नावाडीण झाली. आंब्याचा टेंपो हाकणारा मितेश घाटवळ्यांचा नाईक. किशोरी अर्थात खाजणकरीण. तिन्ही मुलखांनी बांधावर जमायचं, नारळ फोडायचा, तह करायचा आणि मग एकत्र मोहिमेवर निघायचं, असं ओंकारने सांगितलं.

"पयलो नारळ आमचो," मितेश म्हणाला. "पान सहा. लिवलेला आसा."

"पान एकतीस," नम्रता म्हणाली. "पयलो मान खाजणकरांचो. मावशेनच लिवलेला."

किशोरीने पानं उलटली. दोन्ही खरं होतं. एक तिने पावसात लिहिलं होतं, दुसरं भातकापणीनंतर, आणि मधल्या काळात मान कुणाला दिला होता ते तिच्या डोक्यातून गेलं होतं.

"लोक लिवलंस नि मान दोनदा वाटलंस?" ओटीवरून अप्पा लेकीला म्हणाले. "घाड्याचा चेडू तू."

दीड तास झाला तरी मोहीम बांधावरून हलेना. ओंकार म्हणाला, "फासो टाकूया."

"मानाक फासो? येडो झालंस काय?" नम्रताने फासा उचलून मुठीतच धरला.

"आमच्या वाडीत होळयेचो मान कोणाचो म्हणान अकरा वर्सां दोन होळये पेटतत," मितेश म्हणाला. "फाश्यार सुटणारा असता तर एक होळी वाचली असती."

ओंकारने घड्याळ बघितलं. "माका उद्या पुस्तक छापूक दिवचा आसा. जेवणापर्यंत सुटला नाय तर खाजणकर काढतंय, मावशे. दोन मुलखांवर भागता."

किशोरीने वही मिटली. तिच्या डोळ्यांपुढे तो बांध होता, टोपल्या होत्या, ती अर्धवट भांडणं होती. मग ती उठली. पदर खोचला, हात जोडले आणि आपल्या खाजणकरणीच्या तोंडून त्या जागेच्या देवाला गाऱ्हाणं घालू लागली.

"बा जागेवाल्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मितेश म्हणाला.

"आज ही जी तीन मुलखांची माणसा तुझ्या खाजणात येवन उभी रवली आसत..."

"व्हय म्हाराजा," आता नम्रताही.

"यांच्यातलो कोणच येवक नव्हतो, तेव्हा तू हय होतंस. म्हणान पयलो नारळ तुझो, आणि दुसरो सगळ्यांचो मिळान एक. ता गोड मानून घे, नि ह्यांचो जो काय रुसवो-फुगवो आसात तो भरतीच्या पाण्यात सोडून दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एकदम म्हणाले, आणि ओटीवरचा चिरका आवाज सगळ्यांच्या वर.

ओंकार हसायला लागला. "मितेश, तह झालो."

"कसो झालो? मी खंय कबूल केलंय?"

"तीनदा. खेळाचो नियम काय? मेजार बसान तोंडातसून गेला ता तुझ्या नाईकाच्या तोंडातसून गेला."

"मेल्या, ता सवयीन गेला. गाऱ्हाणा आयकल्यार माणूस गप रवतलो कसो?"

"मगे तुझो नाईक पण तसोच," नम्रता म्हणाली, आणि फासा मेजावर ठेवला.

मितेशने वहीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ह्या पण पुस्तकात घाल. घाटवळे रागीट, पण गाऱ्हाण्याक ओ देतत."

ओंकार लिहूनच घेत होता. पान सहा खोडलं, पान एकतीस खोडलं, आणि खाजणकरांच्या नावापुढचं प्रश्नचिन्हही. "मावशे, ह्या गाऱ्हाणा माका पुरा लिवन दी. सकाळपर्यंत."

"भरतीच्या पाण्यात नाय, ओहोटीच्या," अप्पा ओटीवरून म्हणाले. "भरतीत सोडलंस तर परत येतला."

"बरा सांगलंस," किशोरी म्हणाली. "बदलतंय."

बाहेर मळभ फाटून लख्ख ऊन पडलं होतं. सकाळची टोपली खळ्याच्या कडेला तशीच होती. ओल्या बिया झाकून राहिल्या तर काळ्या पडतात. किशोरीने टोपली खळ्यात उपडी केली आणि पायाने बिया पसरू लागली.