रिनीच्या जागी मी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे — पण दया नको, आधीच बजावते.

मी लष्करात नर्स होते. लढाईच्या दिवसांत सीमेजवळच्या तंबूतल्या इस्पितळात आम्ही दोघी एकाच पाळीला — मी आणि मिझोरामची रिनी. एका दुपारी तोफगोळा जवळच पडला, वॉर्डच्या तंबूने पेट घेतला. रिनी आत शिरली. हलता न येणाऱ्या जवानांना तिने पाठीवर घेऊन बाहेर काढलं, हात कोपरापर्यंत भाजून घेतला. आणि मी? मी खंदकात कान दाबून बसले होते. त्याची मला लाज नाही. भीती कुणाला वाटत नाही? लाज पुढची आहे.

निवृत्तीनंतर कर्वेनगरला आले. सोसायटीने सव्वीस जानेवारीला बोलायला सांगितलं. मी रिनीची हकिगत सांगितली. सभागृह थंड. मग एकांनी विचारलं, "त्या बाई नेपाळी होत्या का?" चहाच्या वेळी सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी तुमचं सांगा. आपल्या मराठी बाईचं."

पुढच्या वेळी तंबूत मी शिरले. जवान मी उचलले. टाळ्या थांबेनात. "शेवटी आईची माया हो," असं सगळे म्हणाले — बाईच्या बाबतीत शौर्य हा शब्द कुणाच्या तोंडी येईना. मी मायाही घेतली. मग शाळा, महिला मंडळं, शाली. कितीतरी वर्षं.

रिनीची मुलगी हिंजवडीत नोकरीला लागली. रिनी तिच्याकडे आली, माझं भाषण आहे कळल्यावर न सांगता येऊन मागे बसली. मला ती दिसली — भाषण अर्ध्यावर होतं. थांबता आलं नसतं का? आलं असतं. पण तिला मराठी कुठे येत होती?

नंतर तिने हसत विचारलं, "किसकी कहानी थी?"

"तेरी," मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. भाजलेल्या हाताने तिने माझा हात धरला — बराच वेळ. गेल्या वर्षी ती गेली, तेच खरं मानून.

माझ्या भाषणांना तुम्हीही कुठेतरी टाळ्या वाजवल्या असतील; तुम्ही वाजवल्यात म्हणून मी खोटं बोलले, असं म्हणणार नाही. तुमचं तुम्ही बघा. खोटं माझं आहे.

उद्या हिंजवडीला जाते आहे. तिच्या मुलीने दार लावून घेतलं, तर बाहेरून बोलेन. मग सोसायटीत. सेक्रेटरींनी माईक बंद केला तरी चालेल — वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलायची मला सवय आहे.