पन्नास फुटांच्या आत

गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र आमच्या उंब्रजच्या वस्तीवर पहिल्यांदा मी आणलं आणि त्याच्याबरोबर माझा तोराही आणला. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस यंत्र नुसतं चालवत नाही. त्याचे नियम पाठ करतो आणि दुसऱ्यांकडूनही पाठ करून घेतो. कोणी यंत्र मागायला आला की मी आधी त्याला अंगणात उभा करायचो. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे. आधी जमीन फिरून बघायची; दगड, तार, काचा वेचायच्या. कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी, झुडपांना लोखंडी पातं. पट्टा असा आवळायचा की वजन खांद्यावर यावं, मनगटावर नको. पात्यात काही अडकलं तर आधी इंजिन बंद, मग हात. आणि चालू यंत्राच्या पन्नास फुटांच्या आत दुसरा माणूस दिसता कामा नये. लोक मान डोलवायचे आणि माझी पाठ फिरली की हसायचे. "सुभेदार, गवत कापायचंय का लढाईला जायचंय?" असं एकानं तोंडावरच विचारलं. त्याला मी यंत्र दिलं नाही.

बायकोला मात्र यातलं अक्षर कधी सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं, तिला दिसतंच की, असं धरून चाललो.

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता घरामागच्या परड्यातलं गवत कमरेला आलं होतं. गौरीच्या सणाला मुलगी माहेरी येणार, म्हणून मी साफसफाईला लागलो. वर गाजरगवत, खाली हरळी, सगळं ओलं. पात्यावरच्या, उडणारे खडे अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या झाकणात लगदा अडकायचा आणि यंत्र गुरगुरायचं. चार वेळा इंजिन बंद करून काडीनं लगदा काढला. पाचव्या वेळी वैतागून दोन स्क्रू सोडले आणि झाकणच काढून ठेवलं. जमीनही त्या दिवशी फिरून बघितली नाही. आपलंच परडं, त्यात काय बघायचं! घराची कौलं उतरवून स्लॅब टाकला तेव्हाचे खापराचे तुकडे त्याच कोपऱ्यात मी स्वतः ओतले होते.

आमच्याकडे माझ्या बायकोच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला कामातून उठवत नाहीत. चहा घेऊन येतात आणि तो वळेपर्यंत मागे उभ्या राहतात. चहा निवला तर परत ऊन करून आणतात. मी सुट्टीवर यायचो तेव्हापासून ती अशीच उभी राहत आली. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटायचं. त्या दिवशीही ती येऊन उभी राहिली, माझ्या मागे चार-पाच हातांवर, कपावर बशी झाकून. मला पत्ताच नाही. पात्याखाली खणकन वाजलं, माझ्या बुटावर खडे आपटले. मी थांबलोही नाही. आणखी थोडं कापलं आणि मग वळलो. ती खाली बसली होती, उजव्या डोळ्यावर पदर धरून. कप मात्र तिनं न सांडता बाजूला ठेवला होता.

"काय झालं?" मी इंजिन बंद करून विचारलं.

"काय न्हाई, कचरा गेला जरा. तुमी चहा घ्या आदी."

मी चहा घेतला. लिहायला लाज वाटते, पण घेतला.

संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक झाला. जवळच्या दवाखान्यात नेलं. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "उसाचं पान लागलं." आमच्या भागात उसाच्या पानानं डोळा दुखावणं रोजचंच, त्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही. थेंब दिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"आवं, साऱ्या गावाला नियम सांगत फिरताय तुमी. कळल्यावर लोकं काय म्हणतील?"

मला हायसं वाटलं. यंत्राच्या बाबतीत माझी चूक झाली, पण पाप म्हणायचं तर ते हे हायसं वाटणं.

दोन दिवस मी तिच्या डोळ्यात वेळेवर थेंब टाकले, अगदी घड्याळ लावून. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "समोर धूर झाल्यागत दिसतंय." तसाच तिला घेऊन सांगलीला निघालो. एसटीत तिनं पुढच्या दांडीला डोकं टेकवलं ते उतरेपर्यंत उचललं नाही. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "पानानं असं होत नाही. खरं काय ते सांगा."

ती पुन्हा उसाच्या पानावर आली. मग मात्र मी बोललो. यंत्र, काढून ठेवलेलं झाकण, खापर, सगळं. तपासणीत आत रुतलेला कण सापडला. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर डोळा वाचवायला बघता आलं असतं." ऑपरेशन करून कण काढला. नजर गेली ती गेलीच.

घरी आणताना तिनं माझ्याकडून शब्द घेतला, "पोरीला पानच सांगायचं."

मुलगी गौरीला आली आणि आईचा डोळा बघून रडली. रडून झाल्यावर जेवताना तिचा राग उसळला. "उसात कशाला मरायला गेलतीस, आई? डोळ्याला चष्मा लावायला काय झालं हुतं? बाबांकडनं शिक जरा. कसं सगळं अंगावर चढवून काम करत्यात बघ!"

बायकोनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "चुकलं बाई माझं."

मी भाकरी मोडली आणि खाली बघून जेवत राहिलो.