पोटगीची पोच

घटस्फोटानंतर बायकोने त्याचं तोंडही पाहायचं नाही असं ठरवलं, तेव्हापासून लेकीच्या पोटगीचे पैसे मेहुण्याच्या हातून जाऊ लागले. नवरा स्वतःच्या गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचा. सगळे त्याला रंगारीच म्हणत. महिना उजाडला की मेहुणा गॅरेजवर यायचा, नोटा खिशात घालायचा आणि म्हणायचा, "दाजी, काळजी सोडा, ताईच्या हातात देतो." पोच मागायची रंगाऱ्याला लाज वाटे. घरच्या माणसाकडे चिठ्ठी कसली मागायची?

मग कोर्टाची नोटीस आली. वर्षभर पोटगी थकवली म्हणून. साक्षीला मेहुणाच उभा राहिला. "यांनी मला छदामही दिलेला नाही," तो शपथेवर म्हणाला, आणि त्याची पापणीही लवली नाही.

"मी दिलेत गं, सगळे याच्याच हातात दिलेत," रंगारी बाहेर बायकोला म्हणाला.

"पाठच्या भावावर विश्वास ठेवू की तुझ्यावर?" एवढं बोलून ती निघून गेली.

सगळी बाकी पुन्हा भरावी लागली. रंगाचा फवारा चालवायचा कॉम्प्रेसर गेला, गॅरेज गेलं आणि रंगारी दुसऱ्याच्या हाताखाली नोकरीला लागला. मेहुण्याचं नाव निघालं की तो दातओठ खायचा, पण ब्र काढायचा नाही.

पुढे पैसे तो थेट बायकोच्या खात्यात टाकू लागला. काही महिने बरे गेले आणि मेहुणा पुन्हा दारात हजर. उधारीत गळ्यापर्यंत बुडालेला.

"दाजी, झालं गेलं विसरा. ताईचं खातं बंद पडलंय. नवीन उघडेपर्यंत माझ्याकडे द्या."

थाप रंगाऱ्याला तिथल्या तिथे कळली. त्याने मान खाली घातली, हरलेल्या माणसासारखी. "रोख नाही रे माझ्याकडे. मालक पगार बँकेत टाकतो. तुझ्या खात्यात पाठवू?"

हाव माणसाला आंधळं करते. मेहुणा हो म्हणाला.

मग दर महिन्याला रंगारी पैसे पाठवायचा आणि मोबाईलवर लिहायचा, "लेकीची पोटगी टाकली. तिच्या आईला दे." उत्तर यायचं, "मिळाली. दिली." ते उत्तर तो चहा पिता पिता पुन्हा पुन्हा वाचायचा. बायकोला एक निरोप धाडला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण चोरी अजून मोठी व्हायला हवी होती. न्यायाधीश पुन्हा भरायला लावतील हे ओळखून तेवढेच पैसे तो बाजूलाही टाकत होता. त्यासाठी सुट्टीच्या दिवशीही राबला.

बायकोने पुन्हा दावा लावला. मेहुणा पुन्हा साक्षीला आला, पुन्हा तीच शपथ. तो बोलून संपला तेव्हा रंगाऱ्याने बँकेचे कागद आणि मोबाईलवरची उत्तरं वकिलाकडून पुढे करवली. मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. रंगाऱ्याने तो डोळे भरून पाहिला. थकलेली पोटगी त्याने बाजूला टाकलेल्या पैशांतून त्याच दिवशी जमा केली आणि मेहुण्यावर फसवणुकीची तक्रार ठोकली.

बाहेर बायकोने त्याला गाठलं. "तुला पहिल्याच महिन्यात कळलं होतं?"

"हो."

"पोरीचा चष्मा फुटला होता. नवा करायला पैसे नव्हते माझ्याकडे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ती रडत यायची. आणि तू मजा बघत बसलास?"

लेक दर आठवड्याला भेटायला यायची, पण चष्मा का नाही हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तरी तोंडातून निघालं ते हेच, "मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

त्या आठवड्यात लेक भेटायला आली नाही. त्याच्या पुढच्याही.

मेहुणा मात्र मालकाच्या गॅरेजवर आला. रंगारी तोंडाला फडकं बांधून एका गाडीच्या दाराला रंग मारत होता.

"दाजी, तक्रार मागे घ्या. पाया पडतो. ताईने घराबाहेर काढलंय, नोकरीही जाईल."

"वाऱ्यात उभा राहू नकोस," रंगारी म्हणाला. "कपड्यांवर रंग उडेल."

आणि त्याने दारावर रंगाचा दुसरा हात मारायला घेतला.